ज्ञानूच्या वतीने

"हनुवटी वर," हिंदुराव म्हणाला, आणि ज्ञानूने हनुवटी वर केली.

वॉर्डाच्या व्हरांड्यात ऊन आलं होतं. लोखंडी स्टुलावर ज्ञानू बसला होता, मान मागे टाकून, डोळे मिटून. त्याच्या गळ्यावरून हिंदुरावचा वस्तरा सावकाश वर सरकत होता. मी दाराशी प्रश्नांचे कागद छातीशी धरून उभा होतो. त्या वॉर्डातल्या पेशंटला स्वतःच्या हाताने दाढी करायची परवानगी नव्हती.

"उभं का सर? इचारा की तुमचं," हिंदुराव माझ्याकडे न बघता म्हणाला. "ह्याची दाढी चालू असली तरी काय बिघडत न्हाई. उत्तरं मी देतो."

मी म्हणालो की उत्तरं ज्ञानूनेच दिली तर बरं.

"तो बोलतोय व्हय? बोलला तर पेढं वाटीन पलटणीत. इचारा."

मग मी विचारलं. झोप लागते का? हिंदुरावने वस्तरा टॉवेलला पुसला. "न्हाई," तो म्हणाला. "पडून असतो. छताकडं बघत."

हे मी घाटमाथ्यावरच्या एका छावणीतल्या लष्करी इस्पितळाबद्दल सांगतो आहे. माझी तेव्हा तिशी व्हायची होती. आता पासष्टी गाठली आहे, आणि माझा स्वतःच्या आठवणीवर पुस्तकांवर आहे तितका विश्वास नाही. कोण कुठे उभं होतं, कोणत्या दिवशी काय बोललं, यात चूक होऊ शकेल. पण बोलणं तेच होतं.

आमचे मानसशास्त्राचे प्राध्यापक भडकमकर यांनी एक अभ्यास हाती घेतला होता. श्रीलंकेतून जवान परत येत होते. त्यांच्या मनावर काय परिणाम झालाय, आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या नर्सेस आणि इतर कर्मचाऱ्यांच्या मनावर काय होतंय, हे दोन्ही त्यांना तपासायचं होतं. मी त्यांचा मदतनीस. मला माणसांशी बोलायची भीती वाटायची आणि काम मात्र माणसांशी बोलण्याचंच मिळालं होतं. अनोळखी माणसासमोर बसलं की माझे हात कागद सरळ करत राहायचे. बायको नव्हती, मित्र बेताचे. वाचनालय सोडून कुठे मन रमत नसे. भडकमकर म्हणायचे, वर्तक, तुम्ही ऐकून चांगलं घेता. बोलता येत नाही त्याला लोक असंच काहीतरी म्हणतात, असं मला वाटायचं.

ज्ञानू शेडगे पाटणकडचा, वयाने बावीस-तेवीसचा शिपाई. बेटावरून पलटण परत आल्यावर एका दुपारी पहाऱ्यावर असताना त्याने रायफलची नळी स्वतःच्या हनुवटीखाली लावली. त्याच्या तुकडीचा लान्स नाईक हिंदुराव जगदाळे जवळच होता. त्याने झडप घालून रायफल ओढून घेतली. गोळी छपराच्या पत्र्यातून गेली. त्या दिवसापासून ज्ञानूने बोलणं टाकलं होतं.

मनाच्या आजाराने जवान दाखल झाला की त्याच्याच पलटणीतला एक माणूस त्याच्याबरोबर पाठवायचा, अशी तिथली पद्धत. त्याला अटेंडंट म्हणत. त्याने पेशंटच्या शेजारी झोपायचं, त्याच्या ताटाजवळ बसायचं, संडासाच्या दाराबाहेर उभं राहायचं, आणि त्याला एक क्षणही नजरेआड होऊ द्यायचं नाही. हिंदुराव ज्ञानूचा अटेंडंट म्हणून आला होता. स्वतःच मागणी करून आला, असं सिस्टर सामंतांनी मला सांगितलं.

सिस्टर रेवती सामंत त्या वॉर्डाच्या प्रमुख. हुद्दा कॅप्टनचा. मूळच्या मालवणकडच्या. मुलाखत एकांतात घ्यायची असा आमचा नियम मी त्यांना दाखवला, तेव्हा त्या हसल्या.

"तुमचा नियम कागदावरचा. माझा या दाराचा. अटेंडंट पेशंटला सोडून हलणार नाही. त्याला बाहेर काढलात, तर पेशंटजवळ तुम्ही बसणार रात्रंदिवस?"

मी कर्नल इनामदारांकडे गेलो. ते तिथले मानसोपचारतज्ज्ञ. ते म्हणाले की पेशंट मुका आहे तोवर जवळचा माणूस जे सांगेल तेच घ्या. घरी आई मुलाचं दुखणं सांगते तसं समजा. शिवाय पलटणीत शिपायाच्या वतीने त्याचा वरचा माणूसच बोलतो. शिपायाला विचारलंत तरी तो आधी त्याच्याकडेच बघेल.

तेही खरं होतं. माझ्या प्रत्येक प्रश्नाला ज्ञानू आधी हिंदुरावकडे बघायचा.

सिस्टर सामंत आमच्या अभ्यासातल्या दुसऱ्या गटात होत्या, म्हणून मी त्यांनाही विचारलं. थकवा येतो का? नाही लिहा, म्हणाल्या. रडू येतं? "कधी यायचं? ड्यूटीच्या आधी की नंतर?" माझं पेन कागदावर थांबलं. "नाहीच लिहा," त्या म्हणाल्या आणि चाव्यांचा जुडगा उचलून गेल्या.

आठवड्यातून दोनदा मी ज्ञानूला भेटत असे. हिंदुराव मला मास्तर म्हणायला लागला होता. माझ्या चष्म्याची, कागद सरळ करण्याच्या सवयीची थट्टा करायचा. कागदं इस्त्री केल्यासारखी झाली मास्तर, आता इचारा, असं म्हणायचा. थट्टा संपली की मी प्रश्न वाचायचो, आणि त्याचा आवाज बदलायचा. इतका, की पहिल्यांदा मी मान वर करून पाहिलं होतं, कोण बोललं म्हणून.

भूक?

"ताट पुढं येतं तवा खातो. चव कशालाच न्हाई."

कसले आवाज ऐकू येतात?

"विहिरीतनं हाक मारल्यागत. बाईमाणसाची. आपल्या भाषेतली न्हाई, तरी कळतंय हाक हाय म्हणून."

ज्ञानू शेजारी बसून पायाच्या अंगठ्याने फरशी घासत असायचा.

पुढे तो सुधारायला लागला. आधी खाणं वाढलं. मग कॅरमच्या बोर्डाशी जाऊन बसू लागला. एका सकाळी सिस्टरने चहा दिला तेव्हा "साखर कमी हाय" म्हणाला, आणि वॉर्डातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हिंदुरावने खरंच पेढे मागवले. मलाही एक दिला. स्वतः खाल्ला नाही, म्हणाला दात दुखतोय.

आता ज्ञानू बोलू लागला तर माझ्या प्रश्नांना तो स्वतः उत्तर देईल, असं मला वाटलं होतं. पण मी कागद काढले की तो गप्प व्हायचा आणि हिंदुरावकडे बघायचा. इतके दिवस तसंच चाललं होतं. आणि हिंदुराव बोलायचा. ज्ञानूच्या तोंडावर रंग चढत होता आणि उत्तरं काळी पडत चालली होती.

पुढे काय करायचा विचार आहे?

"पुढं असं काय न्हाईच," हिंदुराव म्हणाला. "भिंत असती तशी. तिथवर जायचं फकस्त."

तिथवर म्हणजे?

त्याने बाहेर बघितलं. वाऱ्याने शिरीषाच्या वाळक्या शेंगा खडखडत होत्या. "लिहा तेवढंच," तो म्हणाला.

हे मला जुळेना. मी कर्नल इनामदारांना म्हटलं की पेशंट हसतोय, खेळतोय, आणि उत्तरं मात्र अशी. माझंच काही चुकतंय का? त्यांनी पाइप बाजूला ठेवला.

"वर्तक, रडणाऱ्या पेशंटची मला फार काळजी नसते. जो बरेच दिवस जड असतो आणि एकदम हलका होतो ना, त्याच्यावर मी नजर ठेवतो. मनाशी निर्णय झाला की माणसाचं ओझं उतरतं. थट्टामस्करी करतो, लोकांना गोडधोड देतो. या मुलाला आपण सांभाळलं नाही, तर तो जाईल. तुम्ही विचारत राहा. आणि उत्तरात जागा किंवा वेळ आली, तर तडक माझ्याकडे या."

त्यानंतर ज्ञानूच्या हसण्याकडे मला बघवत नसे.

आमच्या प्रश्नांत एक शेवटचा प्रश्न होता. तो विचारायचा प्रसंग कमी यायचा, आणि मी तो पाठ करूनही नेहमी अडखळायचो. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात आला असेल, तर तो कसा, कुठे?

मी तो विचारला तेव्हा ज्ञानू पलंगावर बसून सदऱ्याची बटणं लावत होता. वरचं बटण खालच्या काजात गेलेलं बघून शेजारच्या पलंगावरचा सुभेदार त्याला हसत होता. हिंदुराव माझ्या बाजूला, पाठ भिंतीला टेकून बसलेला.

"मागं पाण्याची टाकी हाय," तो हळू म्हणाला. "लोखंडी शिडीची. सगळ्यात सोपं ते. कुणाला तरास न्हाई. वरनं सगळी छावणी दिसती."

मी तडक कर्नलकडे गेलो. जाताना वाटत होतं की मी उगाच घाबरतोय, आणि मी न सांगता राहिलो तर, असंही वाटत होतं. कर्नल उठूनच उभे राहिले. "बरोबर केलंत," म्हणाले.

दुपारपर्यंत ज्ञानूला वॉर्डाच्या टोकाच्या बंद खोलीत हलवलं. दाराला जाळी, बाहेर इस्पितळाचा पहारा. तो ओरडत होता, मी काय केलं म्हणून विचारत होता, तेव्हा त्याला इंजेक्शन दिलं. बंद खोलीत पेशंट गेला की अटेंडंटचं काम संपतं. कर्नलनी हिंदुरावला मोकळं केलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने पलटणीत परत जाण्याचा हुकूम निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्पितळाच्या फाटकातून आत आलो, तर हिंदुराव शिरीषाखाली उभा होता. त्याला इतकं मोकळं मी कधी पाहिलं नव्हतं. कडक इस्त्री, बूट चकचकीत. मला बघून हसला.

"मास्तर, आता लगीन करा. कागदं किती दिवस कुरवाळणार?"

मी लाजून काहीतरी म्हटलं. त्याने गळ्यातला लोकरीचा मफलर काढून माझ्या हातात दिला. तुम्हाला थंडी लवकर वाजते, म्हणाला, आणि मला तिकडं लागणार न्हाई. पलटण कुठल्या उष्ण भागात होती असं नव्हतं. मी मफलर गळ्यात घातला आणि आत गेलो.

ज्ञानूच्या खोलीपुढच्या पहारेकऱ्याने मला जाळीबाहेर स्टूल दिलं. ज्ञानू आत जमिनीवर बसला होता. पुढ्यात ताट तसंच पडलेलं. इंजेक्शनने त्याची जीभ जड झाली होती, पण आता त्याच्या शेजारी बघायला कुणी नव्हतं, आणि तो माझ्याकडे बघत होता.

"सर, हे म्हणत्यात मी टाकीवर चढणार हुतो. कोण म्हटलं?"

मी म्हटलं, तुमच्या वतीने जगदाळे सांगत होते ना.

"माझ्या?" त्याने जाळीला हात लावला. "मी त्यास्नी असलं कायबी बोललेलो न्हाई. आणि कुठली टाकी सर? इथं टाकी हाय?"

मी उठून वॉर्डातून चालत त्याच्या जुन्या पलंगाजवळ गेलो आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. व्हरांडा, शिरीष, फाटकाचा रस्ता. पुढच्या खिडकीतूनही तेच. वॉर्डाच्या सगळ्या खिडक्या पुढच्या अंगाला होत्या. टाकी मागे होती, भटारखान्याच्या वाटेवर. त्या वाटेने चहा आणि जेवण आणायला अटेंडंट जात; तेवढ्या वेळापुरते सिस्टर पेशंट सांभाळत. ज्ञानू दाखल झाल्यापासून त्या बाजूला गेलाच नव्हता.

मी परत जाळीशी आलो. झोप लागते का, विचारलं.

"लागती. पैल्यांदा न्हवती लागत. आता लागती."

आणि विहिरीतली हाक?

ज्ञानूने मान हलवली. "ती मला न्हाई सर येत," तो म्हणाला. "मला बंदुकीचा आवाज येतो."

मला वाटत होतं ते खरं होतं, की मी पुस्तकं वाचून काहीतरी रचत होतो? एका मोकळ्या, हसऱ्या माणसाबद्दल असं काही बोलून दाखवणं म्हणजे त्याची नोकरी, त्याची बढती घालवणं. कर्नल त्या दिवशी मुख्यालयात गेले होते. दुपार व्हायला आली तेव्हा मी सिस्टर सामंतांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो आणि कुठून सुरुवात करावी ते कळेना. त्या औषधं लावत होत्या. शेवटी मी एवढंच म्हणालो की ती उत्तरं ज्ञानूची नव्हती.

"मग कुणाची?"

मी गळ्यातल्या मफलरला हात लावला. त्यांनी तो ओळखला. त्यांच्या हातातला ट्रे खाली ठेवला गेला.

"सकाळी त्याची ट्रंक दाराशी होती," त्या म्हणाल्या. "तिला नवा रंग दिलाय. मी म्हटलं, अरे, हुशार झालास. त्याने गावाचा पत्ता घातलाय वर्तक. बायकोचं नाव आणि गाव. पलटणीत परत जाणारा जवान ट्रंकेवर पलटणीचा पत्ता घालतो. घरचा पत्ता आम्ही घालतो. ट्रंक एकटीच जायची असते तेव्हा."

त्या धावायला लागल्या होत्या. मी त्यांच्या मागे.

भटारखान्याच्या वाटेवर कुणी नव्हतं. सगळे जेवणाच्या रांगेला गेलेले. टाकी चार उंच लोखंडी खांबांवर होती, आणि शिडीच्या वरच्या टोकाला, टाकीच्या कठड्यापाशी हिंदुराव बसला होता. पाय बाहेर सोडलेले. बूट अजून चकाकत होते. सिस्टरनी माझा दंड धरला आणि कानाशी म्हणाल्या की मी बोलले तर तो मला अधिकारी समजून उभा राहील. तुम्ही बोला.

मला ओरडता येत नाही. कधीच आलं नाही. मी शिडीच्या खाली गेलो, लोखंड दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणालो, "जगदाळे."

त्याने खाली पाहिलं. "तुम्ही जावा सर. ज्ञानूकडं बघा. हितं तुमचं काय काम न्हाई."

"थोडं विचारायचं राहिलंय."

तो हसला असावा. "इचारा. काय सांगू ज्ञानूचं?"

"ज्ञानूचं नाही. तुमचं."

वर वारा जास्त असावा, त्याचा सदरा फडफडत होता. "माझं काय?" तो म्हणाला. "मी अटेंडंट."

माझ्याजवळ कागद नव्हते. जे आठवलं ते विचारलं. "झोप लागते का?"

त्याने तोंड छावणीकडे वळवलं. मी पुन्हा विचारलं.

"न्हाई," हिंदुराव म्हणाला.

"कधीपासून?"

"बेटावरनं आल्यापासनं."

"हाक कुणाची येते?"

"विहिरीवर बाई हुती. सांजचं. हातात काय हुतं ते दिसंना. आमची दोन माणसं आदल्या दिवशी तशीच गेलेली. मी ज्ञानूला म्हटलं, मार. त्यानं मारली." तो थांबला. "हातात दोर हुता सर. पाण्याचा."

मी वर बघत राहिलो.

"हुकूम माझा, पर पोरगं समजतंय दोष त्याचा. तवापासनं मी त्याच्या शेजारी झोपतोय, त्याला भरवतोय, पर एवढं सांगाय तोंड उघडलं न्हाई माझं. बोट त्याचं हुतं, तोंड माझं. त्यानं रायफल हनुवटीला लावली तवा म्या हिसकली ती काय त्याच्यासाठी? तो मेला असता तर दोन झाली असती माझ्यावर." तो पुढे झुकला आणि मी शिडी घट्ट धरली. "आता तो हसाय लागला. आता माझं काय काम?"

"तो हसत नाही," मी म्हणालो. "कालपासून बंद खोलीत आहे. तुमच्या उत्तरांमुळे. ताटाला हात लावला नाही त्याने."

"का?"

"तुम्ही गेलात म्हणून असेल. मला माहीत नाही. मला यातलं फार कळत नाही, जगदाळे." हे मी त्याला समजावायला म्हणालो नव्हतो. ते खरंच होतं. "पण त्याच्या वतीने मी त्याला हे सांगू शकणार नाही. दोष हुकमाचा होता, त्याचा नव्हता, हे. ते तुम्हीच सांगायला हवं."

भटारखान्यात कुणीतरी पातेलं आपटलं तेव्हा सिस्टर दचकल्या. मग त्याने एक पाय आत घेतला. शिडीची वरची पायरी चाचपली, तिथे थांबला.

"सर, बोलू नका आता. नुसतं तिथंच उभं ऱ्हावा."

मी उभा राहिलो. तो एकेक पायरी उतरत होता आणि प्रत्येक पायरीला शिडीचं लोखंड माझ्या हातात थरथरत होतं. मध्ये एकदा ते थांबलं. मी वर बघितलं नाही. मग पुन्हा थरथरलं.

तो जमिनीवर आला तेव्हा त्याच्या तोंडावर सकाळचं काहीच उरलं नव्हतं. सिस्टर पुढे झाल्या. त्यांनी त्याला सलाम करू दिला नाही, सरळ मनगट धरलं, नाडी बघितल्यासारखं. मग त्यांनी विचारला तो त्या वॉर्डात दाखल होणाऱ्या प्रत्येकाला विचारायचाच प्रश्न होता, पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"जगदाळे, तुमच्याबरोबर कोण राहील? अटेंडंट म्हणून पलटणीतून कुणाला बोलावू?"

हिंदुरावने विचार केला. दुसऱ्याच कुणाबद्दल विचारल्यासारखा तो माझ्याकडे बघायला लागला.

त्याला एकही नाव सुचत नव्हतं.